घरच्या घरी बॉनेटला लूव्हर पाडायचे असतील तर: प्रेस, डाय आणि बाकीचं सामान

लूव्हर म्हणजे काय हे आधी डोळ्यासमोर आणा. जनरेटरच्या कव्हरवर किंवा सोसायटीच्या मीटरच्या पॅनलवर पत्र्यातूनच उचललेल्या तिरक्या पाकळ्या असतात ना, तेच. पत्रा एका बाजूने चिरलेला असतो आणि बाकी तीन बाजूंनी न फाटता फुगवलेला असतो, वेगळा तुकडा काहीच जोडलेला नसतो. गाडीच्या बॉनेटवर अशा रांगा जुन्या बेंटलीवर दिसतात, मॉर्गनवर दिसतात, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या बदलून वेगात पळवणाऱ्यांनी, तर त्याची कलाच करून टाकली. एल मिराजसारख्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर जुन्या फोर्ड पळवायच्या, त्यांच्या बॉनेटमधली गरम हवा बाहेर पडायला वाट हवी, म्हणून लूव्हर. घरच्या गॅरेजमध्ये लूव्हर प्रेस बनवायचा नाद तिकडूनच आला.

मी कोल्हापूरचा, माझ्याकडे जुनी जीप आहे आणि आंबा घाट चढताना तिचा तापमानाचा काटा वर जायचा. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, फॅन बघितला, हे सगळं झाल्यावरच लूव्हरकडे वळलो, आणि तुम्हीही हाच क्रम ठेवा, कारण तुंबलेल्या रेडिएटरवर लूव्हर हा इलाज नाही. पण बॉनेटखाली कोंडलेली गरम हवा काढायला ते खरंच कामाला येतात आणि दिसतात पण देखणे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण नवीन माणूस नेमका इथंच चुकतो. सगळे आधी विचारतात की प्रेस किती टनाचा लागेल. टन हा प्रश्नच नाहीये. हिशोब बघा, १०० मिलीमीटर लांबीचा लूव्हर, १ मिलीमीटरचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, पत्र्याची कातर ताकद साधारण ३५० न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर धरली तर चिरायला १०० गुणिले १ गुणिले ३५० म्हणजे ३५ हजार न्यूटन, साडेतीन टन झाले. वर फुगवायला आणि शेवटी दाबून बसवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट धरा, तरी दहा टनाच्या आसपास. बाजारात मिळणारा २० टनी बॉटल जॅकचा (हाताने पंप मारायचा उभा हायड्रॉलिक जॅक) शॉप प्रेस आरामात करतो. ॲल्युमिनियमच्या मऊ पत्र्याला तर अजून कमी लागतं.

खरा प्रश्न आहे डाय सरळ रेषेत राहण्याचा. डाय म्हणजे आकार देणारा पोलादी साचा, त्यातला वरून दाबणारा भाग तो पंच आणि खालचा खळग्याचा ठोकळा ती डाय. साध्या पंचिंगमध्ये, म्हणजे गोल भोक पाडताना, पत्रा चारी बाजूंनी कापला जातो त्यामुळे पंच आपोआप मधोमध राहतो. लूव्हरमध्ये कापणारी धार एकाच बाजूला आहे, त्यामुळे पंच कापताना धारेपासून लांब ढकलला जातो. आणि १ मिलीमीटर पत्र्यासाठी पंच आणि डायच्या धारेत फट ठेवायची असते जाडीच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिलीमीटर. पंच तेवढा जरी सरकला तरी बिघडतं, एका बाजूला सरकला तर पत्रा कापला न जाता दुमडून फाटतो, आणि दुसऱ्या बाजूला सरकला तर धार धारेवर आदळून तुकडा उडतो.

माझी पहिली डाय अशीच गेली. पंच थेट प्रेसच्या खाली सरकणाऱ्या प्लेटला बोल्ट केला होता, त्याला सरळ धरणारं कसलंही गाईड नाही. तीन लूव्हर झकास आले, चौथ्याला आवाज वेगळा आला आणि धारेचा नखाएवढा तुकडा निघाला. उद्यमनगरातल्या टूलरूमवाल्या, म्हणजे डाय बनवणाऱ्या, काकांकडे घेऊन गेलो तर ते डाय हातात फिरवत म्हणाले, "दादा, प्रेस कितीबी टनाचा आण, डाय हलली की संपलं." त्यानंतर जे शिकलो ते खाली क्रमाने लिहितोय.

१. आधी ठरवा: अख्खं बॉनेट की वेगळी पट्टी

अख्ख्या बॉनेटला थेट लूव्हर पाडायचे तर खोल गळ्याची सी-फ्रेम लागते, म्हणजे इंग्रजी सी सारखा सांगाडा ज्याच्या तोंडात बॉनेट मधोमधपर्यंत आत जाईल. ऐकायला सोपं आहे पण आकडे बघा. गळा ६०० मिलीमीटर, २५ मिलीमीटरच्या दोन प्लेटा जोडून केलेली फ्रेम, प्लेटची रुंदी सगळीकडे ३००. वजन भरतं अडीचशे किलोच्या आसपास. दहा टनाला ती तुटणार नाही, पण हिशोब केला तर तोंड सव्वा ते दीड मिलीमीटर उघडतं, आणि नुसतं उघडत नाही तर दोन्ही ओठ तिरके होतात, म्हणजे पंच बाजूला सरकतो. ०.१ च्या फटीसमोर ही फार मोठी गोष्ट झाली. म्हणून तिकडचे अनुभवी लोक सी-फ्रेममध्ये रॅमला, म्हणजे पंच खाली दाबणाऱ्या दांड्याला, चौकोनी लांब गाईड देतात, ब्रॉन्झच्या पट्ट्या घालून ती फट जुळवतात, आणि फ्रेम गरजेपेक्षा कितीतरी जाड करतात. पहिल्याच वेळी यात पडू नका.

त्यापेक्षा १८० मिलीमीटर रुंद आणि ३०० लांब अशी वेगळी पट्टी घ्या, त्यात लूव्हर पाडा, आणि ती पट्टी बॉनेटला खिडकी कापून स्क्रूने बसवा. याचे फायदे मोजा. पट्टी अरुंद असल्यामुळे डायचे गाईड पिलर, म्हणजे पंच आणि डाय एका रेषेत ठेवणारे खांब, पट्टीच्या दोन्ही बाजूंना उभे राहू शकतात, अख्ख्या बॉनेटमध्ये ते शक्य नाही कारण पिलर पत्र्यातून आरपार जाणार कसा? लूव्हर बिघडला तर पट्टी भंगारात, बॉनेट शाबूत. आणि साधा शॉप प्रेस चालतो, दोन खांबांमधून पट्टी मागे-पुढे सरकवत जायची.

अजून एक सोपी वाट आहे. इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे लूव्हरची डाय बहुतेक तयारच असते, काहींकडे सीएनसी टरेट पंच, म्हणजे संगणकावर चालणारं पंचिंग मशीन, असतं. त्यांचे लूव्हर लहान आणि कमी उंचीचे येतात, पण ज्याला फक्त हवा काढायचीय त्याने पट्ट्या त्यांच्याकडूनच मारून आणाव्यात, त्यात काहीच कमीपणा नाही. हा लेख ज्यांना स्वतः पाडायचेत त्यांच्यासाठी.

२. डाय

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथं घाला. माझी मापं अशी: लूव्हर १०० लांब, २५ रुंद, १० उंच, सगळं मिलीमीटरमध्ये. उंची वाढवायचा मोह होतो, आवरा. टोकाला पत्रा किती ताणला जातो ते साध्या काटकोन त्रिकोणाने काढता येतं. १० ची उंची २० मिलीमीटरच्या उतारात चढवली तर पत्रा सुमारे १२ टक्के ताणला जातो, १५ च्या उतारात २० टक्के, आणि १० च्या उतारात ४१ टक्के, म्हणजे नक्की फाटणार. म्हणून टोकं लांबट निमुळती ठेवा आणि डायच्या ज्या कडेवरून पत्रा आत वळतो त्या कडेला २-३ मिलीमीटरचा रेडियस द्या, पॉलिश करून. फक्त कापणारी एकच कड कोरी धारदार, बाकी सगळं गुळगुळीत.

मटेरियल म्हणून ओएचएनएस हे टूल स्टील घ्या. हे तेलात विझवून कडक होतं, ८०० डिग्रीच्या आसपास तापवून तेलात आणि मग २०० ला टेम्परिंग, पण ते घरी करत बसू नका, हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या, ५८ एचआरसी (कडकपणाचं माप) सांगा. जास्त कडक मागू नका, धार उडते. डी-२ हे दुसरं टूल स्टील पण चालतं, महाग पडतं. दहा-वीसच लूव्हर पाडायचे असतील तर पंच आणि डाय ईएन-८ या साध्या स्टीलमध्ये करून फक्त कापणाऱ्या धारेला ओएचएनएसची पट्टी बोल्ट करायची, मी दुसऱ्या वेळी हेच केलं आणि धार गेली तर पट्टी काढून ग्राइंड करता येते.

धार सरळ सपाट ठेवली तर सगळी लांबी एकदम कापली जाते आणि झटका बसतो. मध्यापासून दोन्ही टोकांकडे अगदी हलका उतार दिला, १ डिग्री पुरे, की चीर मधून सुरू होऊन टोकाकडे पळते. एकाच बाजूला उतार देऊ नका, मग पंच आडवा ढकलला जातो.

खालच्या डायच्या ब्लॉकची जाडी पण विचार करून ठेवा. कापणाऱ्या बाजूला भिंत जाड पाहिजे, निदान ४० मिलीमीटर, कारण सगळा आडवा जोर तिच्यावर येतो. उताराच्या बाजूला मात्र भिंत पातळ लागते, कारण तिथं आधी पाडलेले लूव्हर खाली लोंबत असणार. माझं अंतर, म्हणजे एका लूव्हरपासून दुसऱ्याचं, ३८ ठेवलंय, त्यातले २५ लूव्हरचे गेले, उरले १३, मग भिंत ११ ची केली. हे आधी न ठरवल्यामुळे एका ओळखीच्या मुलाची अख्खी डाय वाया गेली, पहिला लूव्हर छान आणि दुसरा पाडताना पहिला ब्लॉकवर बसून चेपला.

३. डाय सेट आणि पीयू पॅड

पंच वरच्या प्लेटला, डाय खालच्या प्लेटला, आणि दोन्हींमध्ये २५ ते ३२ मिलीमीटर जाडीचे दोन पिलर बुशसकट (बुश म्हणजे पिलर ज्यातून सरकतो ती नळी). तयार पिलर-बुश टूलरूमच्या सामानाच्या दुकानात मिळतात, घरी टर्निंग करत बसू नका. दोघांमधली मोकळी जागा २२० ठेवली की १८० ची पट्टी मजेत फिरते. पिलरची भोकं दोन्ही प्लेटा एकत्र पकडून एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घ्या, हे टूलरूमवाल्याला दोनदा सांगा.

पंचाच्या भोवती पीयू (पॉलियुरेथेन) रबराची चौकट चिकटवा, ९० शोर ए कडकपणाची, पंचापेक्षा ३ मिलीमीटर खाली आलेली. प्रेस खाली आला की आधी रबर पत्रा दाबून धरतं, मग पंच कापतो, आणि वर जाताना तेच रबर पत्रा सोडवतं. याच्याशिवाय पत्र्याला लाटा येतात. चौकटीच्या बाहेर दोन लोखंडी स्टॉपर ठेवा, वरची प्लेट त्यावर टेकली की लूव्हर पूर्ण झाला. स्टॉपर नसेल तर प्रत्येक लूव्हरची उंची हाताच्या जोरावर ठरते आणि रांगेच्या टोकाला उभं राहून बघितलं की फरक लगेच कळतो.

४. प्रेस

२० टनी, एच फ्रेमचा, जमिनीवर उभा राहणारा. बॉटल जॅक उलटा करून वापरू नका, बहुतेक जॅक उलटे चालत नाहीत, तेल ओढलं जात नाही. म्हणूनच तयार प्रेसमध्ये जॅक सुलटा बसवून खाली सरकणारी प्लेट आणि ती परत वर ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात. ती प्लेट डुलते, डुलू दे, आपला सरळपणा पिलरवर आहे, प्रेसने फक्त दाबायचं. म्हणून डाय सेटला प्रेसच्या प्लेटला बोल्ट करू नका, मधे एक जाड चकती ठेवून फक्त टेकवा, नाहीतर प्लेटचा तिरकेपणा पिलरमध्ये उतरतो आणि बुश जाम होतात. वरची प्लेट वर यायला पिलरवर स्प्रिंग घातल्या की झालं.

पॉवर प्रेस मात्र घरी अजिबात नको. क्लच सुटला की तो मधे थांबत नाही आणि बोटं जातात. हँड पंपाच्या प्रेसमध्ये हापसा मारायचा थांबलं की सगळं थांबतं, नवीन माणसासाठी हीच मोठी गोष्ट आहे.

५. फट तपासणं

हे काम घाईत करू नका. पत्रा लावायच्या आधी डायमध्ये वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा आणि प्रेस हळू खाली आणा. न्यूजप्रिंट साधारण ०.०७ मिलीमीटर जाड असतं, म्हणजे आपल्या फटीएवढंच. पंच आणि डायच्या धारेमधे कागदाचा एक पदर उभा सरकला पाहिजे, दोन पदर सरकायला नकोत, आणि हे डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला तिन्हीकडे सारखं लागलं पाहिजे. माझ्याकडे उजव्या टोकाला दोन पदर जात होते. पंचाचे बोल्ट सैल केले, मागून पितळेच्या शिमचा, म्हणजे अगदी पातळ पत्र्याचा, तुकडा सारला, परत आवळले, परत कागद. अख्खी दुपार गेली यात, आणि त्यानंतर त्या डायने एकदाही त्रास दिला नाही. जुळल्यावर डॉवेल पिन (जागा न हलू देणारी घट्ट खिळी) मारून पक्कं करा.

६. पत्रा आणि मार्किंग

सीआर पत्रा घ्या, ०.८ किंवा १ मिलीमीटर. आयएस ५१३ मधला ड्रॉइंग ग्रेड मिळाला तर उत्तम, दुकानात डीडी किंवा ईडीडी म्हणून मागा, तो ताणला तरी लवकर फाटत नाही. जीपी पत्र्याला झिंकचा थर असतो, तो डायला चिकटतो आणि पुढे वेल्डिंग करायचं झालं तर धूर वाईट. भंगारातला जुना पत्रा सरावाला ठीक, गंजलेला असेल तर नको.

बॉनेटवर जागा ठरवायला जाड कागदाचे लूव्हर कापून चुंबकाने चिकटवा आणि लांब जाऊन बघा, दोन दिवस तसेच राहू दे. काच जिथं बॉनेटला भेटते तिथं चालत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो, तिथं लूव्हर दिले तर गरम हवा बाहेर पडायच्या ऐवजी बाहेरची आत येते. म्हणून बॉनेटचा पुढचा ते मधला भाग निवडा, रेडिएटरच्या मागे, तोंड काचेकडे. एका लूव्हरचं तोंड ८ चौरस सेंटीमीटर धरा, सहाच्या दोन पट्ट्या केल्या की जवळजवळ तळहाताएवढी मोकळी वाट झाली.

पट्टीवर मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलने गुण्या धरून रेषा मारा, आतल्या बाजूला, कारण पत्रा उलटा ठेवून पंच वरून मारायचाय. सुईने ओरखडे ओढू नका, ताणताना पत्रा तिथूनच फाटतो. मधली रेषा, मग प्रत्येक लूव्हरच्या कापाची रेषा ३८ च्या अंतराने. खालच्या प्लेटवर बाजूला एक सरळ पट्टी फेन्स म्हणून आवळून टाका, पत्रा तिला टेकवूनच सरकवायचा.

७. पाडायची वेळ

गाडीच्या पुढच्या बाजूचा लूव्हर पहिला, मग मागे मागे जायचं, म्हणजे तयार लूव्हर नेहमी पातळ भिंतीच्या बाजूला राहतात. पत्र्याला दोन्हीकडून तेलाचा हलका हात, डोळ्यावर चष्मा, आणि एकच माणूस पंप मारणार. दुसरा पत्रा धरत असेल तर त्याने हात बाहेर काढून "हां" म्हटल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, हे घरात भाऊ असला तरी पाळा.

आता काय होतं ते सांगतो म्हणजे घाबरणार नाही. पहिल्या काही हापशांना रबर दबतं, दांडा हळूहळू जड होत जातो, मग एकदम "टक्क" असा आवाज येतो आणि दांडा हलका पडतो. चीर पडली. बरेच जण इथंच थांबतात. थांबू नका, अजून फुगवायचंय, पुढच्या हापशांना दांडा परत जड होतो आणि स्टॉपरला टेकला की भिंतीला ढकलल्यासारखा लागतो. तिथं थांबा, प्रेशर सोडा, पत्रा उचला, सरकवा.

पहिला लूव्हर उजेडाकडे धरून बघा. कापाची कड बारीक करकरीत पाहिजे. कडेला दाढीसारखी बर, म्हणजे खरखरीत उरलेली धार, आली तर फट जास्त झालीय. टोकाला केसासारखी रेघ दिसली तर ती फाटायची सुरुवात आहे, डायच्या टोकाचा रेडियस अजून पॉलिश करा. पट्टी थोडी वाकते, सगळ्यांचीच वाकते, कारण मधला पत्रा ओढला गेलेला असतो. म्हणून कडा आधीच मापात कापू नका, लांबीत दोन्हीकडे १५ मिलीमीटर जास्त ठेवा, सगळे लूव्हर झाल्यावर लाकडी मोगरीने सपाट करा आणि मग छाटा.

प्रेसच नसेल तर

शिसम किंवा बाभळीच्या ठोकळ्यात लूव्हरच्या आकाराचा खळगा कोरा, पत्र्याला १ मिलीमीटरच्या कटिंग डिस्कने चीर द्या, चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलीमीटरचं भोक म्हणजे चीर पुढे पळत नाही, पत्रा ठोकळ्यावर सी-क्लॅम्पने घट्ट आवळा आणि नायलॉनच्या दांड्याने थोडं थोडं ठोकत खाली उतरवा. एका लूव्हरला अर्धा तास जातो, पण चार-सहा लूव्हरसाठी हे पुरतं आणि पत्रा कसा ताणला जातो ते हाताला कळतं. प्रेस घेण्याआधी प्रत्येकाने दोन तरी असे करून बघावेत असं माझं प्रामाणिक मत.

८. बसवणं

बॉनेटच्या खालच्या बाजूला आडव्या पट्ट्यांचा सांगाडा असतो तो आधी बघून घ्या, तो कापायचा नाही. नवीन गाड्यांचं बॉनेट दुहेरी पत्र्याचं आणि अपघातात ठरलेल्या जागी मुडपणारं असतं, त्याला हात लावू नका, हे सगळं जुन्या एकेरी पत्र्याच्या बॉनेटसाठी आहे. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आरटीओत विचारून मगच बॉनेट कापा.

खिडकी पट्टीपेक्षा सगळीकडून २० मिलीमीटर लहान कापा, कोपरे गोल. कडांना कानस मारा, रिव्हेट नट आणि एम-५ चे स्क्रू, मधे पातळ ईपीडीएम फोमची टेप. लूव्हरच्या आतल्या कापलेल्या कडेला बारीक कानस आणि पॉलिश पेपर, मग तेल पूर्ण धुवून इपॉक्सी प्रायमर. रंग मारताना आधी मागून मारा, लूव्हरच्या पोटात, कारण पुढून मारलेला रंग तिथं पोहोचत नाही आणि आपल्याकडच्या, खास करून कोकणातल्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो.

पावसाचं अजून एक. उभ्या गाडीत पाणी सरळ खाली पडतं, आणि खाली पेट्रोल गाडीचा डिस्ट्रिब्युटर किंवा एअर फिल्टरचं तोंड असेल तर सकाळी गाडी चालू होणार नाही. मी पट्टीच्या खाली ३० मिलीमीटर अंतर सोडून ॲल्युमिनियमचा उथळ ट्रे टांगलाय, मागे थोडा उतार देऊन, पाणी फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडे) न जाता बाजूला सांडेल असा. उन्हाळ्यात चार स्क्रू काढून तो बाहेर काढतो आणि जूनच्या आधी परत लावतो.